चिमटीतली कातडी

आमच्या परळच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक बाई राहते. शिवाजी पार्कजवळच्या एका क्लिनिकमध्ये पेनासारख्या मशीनने बारीक ठिणग्या देऊन लोकांची सैल कातडी घट्ट करते. सुरी नाही, टाके नाहीत. बोलताना ती डोळ्यांत बघत नाही, डोळ्यांखाली बघते. आवाज अगदी हळू, समोर झोपलेल्याने हसून चेहरा हलवू नये अशा बेताने. लिफ्टमध्ये भेटली की सहज माझा हात घेते, वरची कातडी चिमटीत उचलून सोडते आणि ती परत जागेवर बसेपर्यंत बघत राहते.

"अजून पटकन जाते परत, वहिनी. तुम्हाला काय करायची गरज नाय."

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात माझ्या शेजारच्या काकू गेल्या. आम्ही बायकांनी त्यांना हिरवी साडी नेसवली. कुंकू लावायला ती वाकली, आणि हाताच्या सवयीने तिने दोन बोटांनी काकूंच्या कानशिलाची कातडी वर ओढली. गालावरच्या सुरकुत्या गेल्या.

काका दारातून म्हणाले, "अशीच दिसायची ही."

तिने बोटं काढली. कातडी परत आली नाही. काकूंची ती एक बाजू तशीच तरुण राहिली. ती बराच वेळ बघत होती. मग तिने दुसरी बाजूही ओढून सारखी केली.

परवा लिफ्टमध्ये तिने माझा हात घेतला, चिमटी सोडली आणि बघत राहिली. चौथा मजला आला, दार उघडलं, तरी कातडी परत बसली नव्हती.