अण्णांची मळ्यातली आमटी

उन्हाळ्यात मळ्यात जेवण करायचं ठरलं की आमच्याकडे पदार्थांवरून कधी वाद होत नाही. वाद होतो तो जागेवरून, चिंचेखाली बसायचं की विहिरीजवळच्या जांभळाखाली. पदार्थ ठरलेलेच असतात. निखाऱ्यात भाजलेल्या वांग्यांचं भरीत, तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडलेला हिरव्या मिरचीचा खर्डा, किसलेली कैरी आणि कांदा, ज्वारीच्या भाकरी. बाजरी उन्हाळ्यात उष्ण पडते, हे आई दरवर्षी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगते. आणि मोठ्या पातेल्यात काळ्या मसाल्याची आमटी. बाकीचं कोणीही करावं, आमटी मात्र अण्णांनी.

अण्णा म्हणजे माझे वडील. घरात त्यांनी कधी साधा चहा केलेला मला आठवत नाही. आई तापानं फणफणलेली असली तरी ते शेजारच्या काकूंना हाक मारणार. पण मळ्यात तीन दगडांची चूल मांडली की पायजमा वर खोचून हे पाटावर बसणार, आणि मग दोन तास त्या चुलीजवळ दुसऱ्या कोणाची टाप नाही. आमचं गाव नेवासा तालुक्यात, शिवारात सगळा ऊस. मी नगरला कोर्टात नोकरी करते. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली की मी गावी येते, चुलतभावंडं येतात, आणि पंधरा-वीस माणसांचं हे जेवण होतं. खरं सांगायचं तर मी त्या आमटीसाठी येते.

आमच्याकडे एक नियम आहे. बांधावरच्या म्हसोबाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आमटीला जीभ लावायची नाही. म्हणजे आमटी करणाऱ्यानं सगळं वासावर ओळखायचं. अण्णा झाकण जरासं सरकवत, डोळे मिटून वास घेत आणि म्हणत, "अजून दोन उकळ्या." त्या दोन उकळ्यांनी काय फरक पडायचा देव जाणे, पण आमटी कधी बिघडली नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आई आणि अण्णा दोघंही आजारी पडले. दोघंही बरे होऊन घरी आले, तेवढ्यात आम्हाला सगळं मिळालं. पुढं काही राहिलं का, हे कोणी विचारलंच नाही. त्यानंतर अण्णा चिडचिडे झाले, एवढंच आमच्या लक्षात आलं. चुलीजवळ पोरं खेळली की ओरडायचे. भावानं स्पीकरवर गाणी लावली की, "बंद कर ते आधी!" आम्ही आपसांत म्हणायचो, वय झालं आता, चालायचंच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भावानं गाणी लावली, अण्णा ओरडले, त्यानं आवाज कमी केला आणि पाच मिनिटांनी परत वाढवला. मी दहा-बारा पावलांवर वांगी सोलत बसले होते. तिथपर्यंत कांदा करपल्याचा वास आला. पाहते तर अण्णा पातेल्याच्या तोंडाशी, हातात पळी, आणि खुशाल बसलेले. माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी तिथूनच ओरडले, "अण्णा, कांदा करपला! नाक कुठं ठेवून आलात?"

सगळे हसले. मीही हसले. अण्णांनी पातेल्यात पाहिलं, पळी खाली ठेवली आणि उठून विहिरीकडे गेले. पुढची आमटी आईनं केली. अण्णा जेवायला आले, पण दोन घास खाऊन उठले.

दुपारी हौदावर भांडी घासताना आईनं आजूबाजूला कोणी नाही असं पाहून सांगितलं, "त्यांना वास येत न्हाई. त्या आजारपणापासून. कुणाला सांगू नको म्हणले हुते."

"मग आमटी कशी करतात?"

"कानानं. चुलीच्या धुरात रंग काय दिसत न्हाई. कांदा तेलात पडला की आधी लई वरडतो. त्यातलं पाणी आटलं की आवाज बारीक हुतो. मसाल्याला तेल सुटलं की त्याचा आवाज येगळाच. त्ये ऐकत बसत्यात. म्हणून तर गाणी लावू देत न्हाईत."

मला तिथल्या तिथं रडू आलं. आणि रागही आला, आधी स्वतःचा, मग आईचा. मला का नाही सांगितलं, असं मी तिला विचारलं. आई राखेनं तवा घासत म्हणाली, "तू वरडण्याच्या आधी इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

माफी मागायला तेव्हाच जायला हवं होतं. मी गेले नाही. उद्या बोलू म्हटलं, मग फोनवर बोलू म्हटलं, आणि फोनवर आम्ही पाऊसपाणी आणि उसाची तोड एवढंच बोललो. पुढच्या मे महिन्यात अण्णांनी मळ्यात यायलाच नकार दिला. गुडघे दुखतात म्हणाले. त्याच गुडघ्यांनी ते सकाळी उसाला पाणी भरून आले होते. भावानं ढाब्यावरून शेवभाजी आणि काजू मसाला आणला, प्लास्टिकच्या पिशव्यांना गाठी मारून. चव वाईट नव्हती. पण जेवण अर्ध्या तासात उरकलं आणि जो तो मोबाईल काढून बसला. अण्णांचा पाट घरीच राहिला होता आणि त्यावर बोलायला कोणी तयार नव्हतं. त्यांनी पुन्हा कधीच चुलीपुढं बसायचं नाही असं ठरवलं असेल तर ते माझ्यामुळे, एवढं मला कळत होतं.

या वर्षी मी एक दिवस आधी गेले. अण्णा ओसरीत ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. मी समोर बसले आणि एका दमात बोलून टाकलं, "अण्णा, उद्या आमटी तुम्ही करायची. गुडघ्यांचं कारण सांगू नका. आईनं मला सगळं सांगितलंय. त्या दिवशी मी फार वाईट बोलले. चुकलं माझं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "कवा सांगितलं तिनं?"

"त्याच दिवशी."

"म्हंजी दोन वर्सं तुला ठाव हाय."

"हो."

"अन बोलतीस आत्ता."

कोर्टात दिवसभर लोकांची बोलणी ऐकते, पण इतकं सरळ बोट कोणी ठेवलेलं पाहिलं नव्हतं. नळीचं वेटोळं पुरं करून ते उठले आणि आईला म्हणाले, "डाळ काढून ठेव उद्याला."

दुसऱ्या दिवशी चुलीजवळ गाणी लावायची नाहीत, हे मीच सगळ्यांना बजावलं. माझं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. माझ्या डोक्याच्या वाटेला कोणी जात नाही, त्यामुळे काम सोपं झालं. अण्णा बसले, तेल तापलं, कांदा पडला. मी भाकरीचं पीठ मळता मळता कान देऊन बसले. आई म्हणाली होती तसंच होतं. आधी मोठा कल्लोळ, मग हळूहळू आवाज खाली येत गेला, आणि अण्णांनी बरोबर त्या वेळी वाटलेलं खोबरं आणि मसाला आत टाकला. त्यांची मान एका बाजूला कलली होती. मला इतका आनंद झाला की पिठात पाणी जास्त पडलं.

तेवढ्यात लाईट आली. विहिरीवरची मोटर ऑटोवर होती. आमच्याकडे सगळ्यांच्याच असतात, लाईट कधी येईल याचा नेम नसतो. मोटर आपोआप सुरू झाली आणि शेजारच्या हौदात पाणी धो धो पडायला लागलं. गाणी बंद करायचं माझ्या लक्षात होतं, मोटरचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मी ओरडले, भाऊ पळाला, पण तो स्टार्टरच्या पेटीपर्यंत पोचून मोटर बंद करेपर्यंत वेळ गेला. मसाला जळेल या भीतीनं अण्णांनी अंदाजानंच डाळ ओतून दिली होती.

भाऊ नैवेद्य घेऊन बांधावर गेला. म्हसोबानं काही तक्रार केली नाही. पंगत बसली, पोरं ताटं वाजवायला लागली, ऊन डोक्यावर आलं होतं. अण्णांनी एका वाटीत आमटी घेतली आणि वाढायच्या आधी ती माझ्याकडे आणली. आजवर त्यांनी कोणालाही आमटी कशी झाली म्हणून विचारलेलं नव्हतं.

"खा," ते म्हणाले. "अन सांग."

मी घोट घेतला. मसाला कच्चा होता. फार नाही, पण घशाशी लागत होता. पंधरा-वीस माणसं भुकेली बसलेली, आणि दोन वर्षांनी हा माणूस चुलीपुढं आलेला. मी म्हणाले, "लई भारी झालीय, अण्णा."

ते तिथून हलले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "समदे दर साली ह्येच म्हणत्यात. लई भारी. आजारपणापासून मी एकदाबी चांगली केली का वाईट, मला ठाव न्हाई. मीठ-तिखट कळतं, बाकी काय कळत न्हाई. त्या दिशी तू बोललीस त्ये लागलं मला. पर खरं तेवढंच एक कुणी बोललं. आता तूबी तसंच करणार आसशील तर मी उद्यापासून करत न्हाई."

वाटी माझ्या हातात होती. "मसाला कच्चा आहे," मी म्हणाले. "चांगलाच कच्चा लागतोय."

"व्हय ना?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. दोन वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्यांनी लाकडं आत सारली, कढईत तेल टाकलं, आमटीत वरून घालायला वेगळा मसाला परतायला घेतला आणि मला हातानं खुणावून जवळ बसवलं.

पंगतीतून भाऊ ओरडला, "अण्णा, आता काय राहिलं? भूक लागलीय!"

अण्णा तेलावरची नजर न काढता मोठ्यानं म्हणाले, "थांबा जरा. मला वास येत न्हाई, लई दिस झाले. ही वास घेती हाय. ही म्हणंल तवा वाढायची."

पोरांनी ताटं वाजवायचं थांबवलं. मी कढईवर वाकले, आणि मसाला भाजला गेल्याची खात्री होईपर्यंत पुरती सात-आठ मिनिटं मी त्यांना "अजून नाही, अण्णा," असंच सांगत राहिले.