वैदू म्हणजे डॉक्टर नव्हे

सभा झाल्यापासून माझा हात ठिकाणावर नाही. औषधाच्या खणाला लावते, मागे घेते, परत लावते.

लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका चिनी औषधांच्या दुकानात मी बरीच वर्षं पुड्या बांधते. दुकानाच्या मालकीणबाई चिनी आहेत. त्या नाडी बघतात, जीभ बघतात आणि काय किती द्यायचं ते मला मोठ्याने सांगतात. मी खणांतून मुळ्या, साली काढून तोलते. मंगळवारी बाई मेडनहेडला पेशंट बघायला जातात. त्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांच्या पुड्या मी एकटीच बांधते.

या कामातल्या लोकांची एक संघटना आहे. तिच्यात कुणाला घ्यायचं यावर रविवारी सभा होती. परीक्षा दिलेल्यांनाच घ्यायचं, की माझ्यासारख्यांनाही? एका गृहस्थांनी तर सुचवलं होतं, की जो सभासद नाही त्याने खणाला हातच लावू नये. म्हणजे माझं काम जाणार. बाई म्हणाल्या, तू चल, त्यांना तू दिसली पाहिजेस. मला चार लोकांत घास गिळवत नाही. म्हणून मुलीला बरोबर घेतलं. ती इथेच जन्मली, कौन्सिलमध्ये कामाला आहे.

बसमध्ये ती म्हणाली, "आई, तुझा बॅकग्राऊंड विचारतील. काय सांगू?"

"सांग, माझे वडील वैदू होते."

"ओके. आणि नर्व्हस होऊ नको. तुझा ओढणी सरळ कर."

"तुझी ओढणी."

"माझा कुठे आहे? तुझाच आहे."

चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. माझी पाळी आली तशी मुलगी उभी राहून इंग्रजीत बोलली. मला सगळं कळत नाही, पण 'डॉक्टर' कळलं. पुढचे एक म्हातारे गृहस्थ वळले आणि त्यांनी मला मान लववून नमस्कार केला. अध्यक्षबाई हसल्या. मी मुलीची बाही ओढली.

"काय सांगितलंस?"

"तूच सांगितलेलं. तुझे फादर आयुर्वेदिक डॉक्टर."

"ते वैद्य. वैदू वेगळा."

"आई, सेमच वर्ड आहे."

"सेम नाही. वैद्याच्या दारात लोक जातात. वैदू लोकांच्या दारात जातो, हाकलेपर्यंत."

"राहू दे ना आता. दे आर हॅपी."

मला खुर्ची टोचायला लागली. तेवढ्यात एक बाई बोलायला उठल्या. चिनी औषधांत एकाच नावाने दोन वेगळ्या मुळ्या विकल्या जायच्या, म्हणाल्या. चुकीची गेली आणि माणसांची मूत्रपिंडं गेली. मुलगी माझ्या कानात सांगत होती आणि मला वडील दिसत होते. झोळी, रक्त ओढायची तुंबडी, चौकात पसरलेलं फडकं. त्यांना पुष्कळ कळायचं. पण गर्दी जमली की त्यांची जीभ सुटायची. गुडघेदुखीला जी मुळी, तीच मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईला. दुसऱ्या दिवशी आमचं बिऱ्हाड पुढच्या गावाला. गुण आला की नाही, ते सांगायला कुणी येऊच शकत नव्हतं. चौथीनंतर माझी शाळा सुटली तीही त्याच फिरतीत.

मी उठले. कशी उठले, मला ठाऊक नाही. "नो डॉक्टर," म्हटलं. "रोड." पुढे इंग्रजी सुचेना. मुलीला म्हटलं, सगळं सांग, बिऱ्हाड हलवायचंसुद्धा. तिचे कान लाल झाले, पण तिने सांगितलं.

टाळ्याबिळ्या काही झाल्या नाहीत. नियम सुचवणारे गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, "थँक्यू. मी हेच म्हणतोय." त्यांचा राग यावा असं फार वाटलं, पण येईना.

आमच्या बाई उठल्या. "ती माझे हात आहे. तिची जबाबदारी माझी."

"तुम्ही दुकानात नसता तेव्हासुद्धा?" त्या गृहस्थांनी विचारलं.

बाई माझ्याकडे न बघता खाली बसल्या.

ठरलं ते असं. परीक्षेशिवाय सभासद नाही. खणावर काम करायला हरकत नाही, पण शेजारी सभासद उभा पाहिजे. काम राहिलं, मंगळवार गेला. बस येईपर्यंत बाई एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरच राहू द्यायचं होतं. कुणाचं काय जात होतं?"

मुलीने घरी विचारलं, "परीक्षा देशील? मी वाचून दाखवीन." मी भाजी चिरत राहिले.

आज बाई माझ्या मागे उभ्या होत्या. मी खण उघडला की वाकून बघायच्या आणि "हं" म्हणायच्या. आधी अंगावर झुरळ फिरल्यासारखं झालं. ज्येष्ठमधाचा खण तर मी डोळे मिटून ओळखते. तो उघडला, तेवढ्यात फोन वाजला आणि बाई तिकडे वळल्या. मूठ भरून घेतली होती. मुळी बरोबर होती. तरी मी ती ताजव्यात टाकली नाही. हात तसाच धरून, बाई कधी वळतात म्हणून बघत उभी राहिले.