दोन हातांची वचनं

नव्या वर्षाच्या सकाळी उपासना संपली की आमच्या चर्चमध्ये वचनांची थाळी फिरते. साधी स्टीलची थाळी, तिच्यात बायबलमधल्या देवाच्या वचनांच्या गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. डोळे मिटून, मनात प्रार्थना करून एक उचलायची. वर्षभर देव तुमच्याशी जे बोलणार ते तिच्यात असतं. चांगलं निघालं की बायका चिठ्ठी एकमेकींना दाखवत सुटतात, आणि कानउघाडणी निघाली की पर्सची चेन लावून गप्प बसतात. मीही त्यातलीच. घरातलं कोणी आलं नसेल तर त्याच्या नावाची चिठ्ठी दुसऱ्या हातानं उचलायची, ही आमच्या घरची रीत.

त्या वर्षी माझे यजमान अकोल्याच्या दवाखान्यात होते. यकृत निकामी होत चाललं होतं. जन्मात दारूला न शिवलेला माणूस! या गोष्टीचा राग मला आजही येतो. आदल्या दिवशी त्यांनी मला हट्टानं अमरावतीला पाठवलं. "माही बहीण हाय ना इथं. तू जा, माह्यं वचन घेऊन ये," म्हणाले.

थाळी आली तेव्हा उजव्या हातानं मी माझी चिठ्ठी उचलली, डाव्या हातानं त्यांची. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी पाठीवरून हात फिरवत विचारलं, "कसे हायेत वो ते?" आणि इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं. डोळे पुसायला रुमाल काढला आणि दोन्ही चिठ्ठ्या त्यातच गोळा करून पर्समध्ये कोंबल्या. तशीच अकोल्याची बस धरली.

मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा त्या उघडल्या. एकीत दीर्घायुष्याचं वचन होतं. दुसरीत, खोल पाण्यातून जावं लागलं तरी मी तुझ्यासोबत असेन, असं. कोणती कोणाची? कागद सारखे, अक्षर सारखं. डोळे मिटून पुन्हा पुन्हा हात आठवले, पण काही कळेना. अंगाला दरदरून घाम सुटला. शेवटी ठरवलं, दीर्घायुष्य त्यांचंच. ठरवलं म्हणजे काय, दुसरं काही मनात येऊच दिलं नाही.

ती चिठ्ठी वाचून ते इतके खूश झाले, की औषध द्यायला आलेल्या सिस्टरलाही वाचून दाखवली. बहिणीला म्हणाले, "तू घरी जाऊन आराम कर, मले काई होत नाई आता."

पण पोट फुगतच गेलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टर औषधाविषयी बोलेनासे झाले. घरात आणखी कोण कोण आहे, तेवढं विचारू लागले. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून देवाशी भांडायचे. तू शब्द दिलायस, लेखी दिलायस, आता पाळ! अकोल्याच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका प्रार्थनेला यायच्या, म्हणायच्या, "विश्वास धरा ताई, शंका आणू नका." मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं. देवाच्या शब्दावर मला शंका नव्हतीच. तो शब्द नेमका कोणाला दिला होता, हेच तर मला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी सहन होईना, तेव्हा त्यांना सगळं सांगून टाकलं. रुमाल, मूर्तिजापूर, सगळं. वाटलं, आता हा माणूस खचणार. तर ते पोट धरून हसले. हसणंही त्यांना दुखत होतं.

"मंग कावून रडून राहिली? तुह्यावाली वाच बरं."

मी वाचली. त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचली.

"हे माह्यं हाय," म्हणाले. "मी इथून घरी येत नाई, हे मले कवाचं मालूम हाय. एकट्यानं जा लागते का काय, याचंच भेव वाटे."

मग उशीखालची दीर्घायुष्याची चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ मिटली. "हे तुह्यं. जपून ठेवजो."

"मले नाई पायजे!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खाटेवरचे लोक वळून बघायला लागले.

त्याच आठवड्यात ते गेले. जाताना कावरेबावरे झाले नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या मुठीतली चिठ्ठी नणंदेनं काढू दिली नाही, तशीच सोबत गेली.

माझी दीर्घायुष्याची चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. लुगडं काढताना रोज दिसते. देवाची वचनं खरी होतात का, असं मंडळीतल्या नव्या सुना विचारतात. होतात, मी सांगते. त्यांचं झालं. देव शब्दाचा पक्का आहे, आणि म्हणूनच ते दार उघडलं की मी घाईनं लावून घेते. अजून किती वर्षं, देवा?