जोसेफला बेंगळूर दाखवताना

माझ्या हॉस्टेलच्या खोलीत कॉफीचे न धुतलेले मग आणि किस्से कधी साठतात ते कळतच नाही. मग निदान रविवारी धुतले जातात. किस्से तसेच पडून राहतात, आणि सांगलीला घरी गेले की आई म्हणते, "त्या पावसातल्या रविवारचं सांग ना परत!" म्हणून एकदाच सगळं ओळीने सांगून टाकते.

आम्ही चौघं होतो. एक मी. दुसरा माझ्या वर्गातला किरण राव. याचं मराठी घराणं चारशे वर्षांपासून बेंगळूरात आहे, आणि हे तो ओळख झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला सांगतो. तिसरी सोल्वेग, नॉर्वेहून एका सेमिस्टरपुरती आलेली. आणि चौथा जोसेफ, टांझानियाचा, सव्वासहा फूट उंच, दोन वर्षांच्या कोर्सला आलेला.

आलेला, पण टिकेल असं दिसत नव्हतं. दोन महिन्यांत पठ्ठ्या वाळून निम्मा झाला होता. कोर्स सोडायचा फॉर्म त्याने भरूनसुद्धा ठेवला होता. शुक्रवारी आमच्या मॅडमनी मला थांबवलं.

"सोमवारी तो फॉर्म माझ्या टेबलावर येणार. त्या मुलाने हॉस्टेल आणि क्लास सोडून काहीच बघितलेलं नाही. रविवारी त्याला जरा शहर दाखव."

"मॅडम, रविवारी पाऊस सांगितलाय."

"मग छत्री घेऊन जा!"

* * *

सकाळी नऊला मेट्रो स्टेशनबाहेर भेटलो. पाऊस चालूच. गारठा म्हणावा तर एवढासाच.

किरण आला तो स्वेटर, त्यावर रेनकोट आणि डोक्याला माकडटोपी घालून. टोपीतून फक्त नाक आणि चष्मा दिसत होता. सोल्वेग आली ती बिनबाह्यांचा टॉप आणि सँडल घालून, छत्रीसुद्धा न घेता.

दोघांनी एकमेकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अय्यो, ही आजारी पडणार बघ!" किरण मला मराठीत म्हणाला.

तेवढ्यात सोल्वेग इंग्रजीत माझ्या कानाशी कुजबुजली, "याला ताप आहे का? मग हा घरी का नाही झोपला?"

* * *

लालबागला जायला रिक्षा हवी होती. रिक्षावाल्याने आम्हाला मोजलं आणि मान हलवली. तिघंच, चौथा नको.

सोल्वेग पुढे झाली. दोन्ही हात जोडले आणि एकदम गोड हसून म्हणाली, "स्वल्प अडजस्ट माडी!"

म्हणजे, थोडं जमवून घ्या! रिक्षावाल्याने आधी तिच्याकडे वळून बघितलं. मग इतका हसला, इतका हसला, की शेवटी डोळे पुसत म्हणाला, "सरी, सरी! बरं, बसा!"

बसलो. म्हणजे तिघं बसलो आणि जोसेफची आम्ही घडी घातली. त्याचे गुडघे किरणच्या माकडटोपीला लागत होते.

"तू हे कन्नड कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"मेसमध्ये. तिथल्या अक्का रोज बाकावर बसताना सगळ्यांना म्हणतात ना! हा तुमचा नमस्कार मला फार आवडतो." मग खूश होऊन पुढे म्हणाली, "आणि काय गंमत आहे बघ, मी रोज सकाळी मॅडमना असा नमस्कार करते, पण त्या कधी उलट नमस्कार करतच नाहीत!"

* * *

लालबागेत एक मोठा खडक आहे, टेकडीएवढा. पृथ्वीवरच्या सगळ्यात जुन्या खडकांपैकी आहे म्हणतात. किरणने तिथे गाइडची जागा घेतली.

"हा दगड बघा! डायनासोर नव्हते तेव्हापासून इथे आहे! जागचा हललेला नाही!"

दगड हलला नाही. मी हलले. शेवाळावरून पाय सटकला, फतकल मारून बसले आणि बसल्या बसल्या खाली निघाले. ओरडायचंही सुचलं नाही. आजूबाजूची माणसं "अय्यय्यो" करत बाजूला होत होती.

मागून धप धप पावलं ऐकू आली. जोसेफ! वाटलं, सुटले, हा आता धरतोय. जोसेफने मला गाठलं, छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि तशीच धरून तळापर्यंत माझ्या बाजूने पळत आला.

खाली थांबल्यावर मी म्हटलं, "अरे, हात द्यायचास ना!"

तो धापा टाकत म्हणाला, "एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तुझी चप्पल!"

दोन महिन्यांत तो पहिल्यांदा हसला तो तिथे. माझी सलवार मागून कामातून गेली होती, पण मीही हसत सुटले.

* * *

पाऊस वाढला म्हणून बागेतल्या काचघरात शिरलो. तिथे आनेकलहून आलेलं एक कुटुंब चादर पसरून बसलं होतं. त्यातल्या आजींनी जोसेफकडे मान वर करकरून बघितलं आणि विचारलं, "ऊटा आयता?"

जेवलास का? इथे हे कोणीही कोणालाही विचारतं, आणि उत्तर एकच द्यायचं असतं, "आयतु." झालं. मग दोघं आपापल्या वाटेने जातात. एवढं कन्नड जोसेफलाही शिकवलेलं होतं.

पण जोसेफ आजींसमोर उभा राहिला, जरा विचार केला, आणि खरं तेच बोलला. "इल्ला."

नाही!

आजींचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्याच घरी कोणी उपाशी राहिलंय. त्यांनी जोसेफचं मनगट धरलं, खाली बसवलं आणि डबा उघडला. लिंबू पिळलेला पिवळाधमक भात, म्हणजे चित्रान्न. तो एक घास खायचा, त्या दोन वाढायच्या. किरण मध्ये पडला, "आजी, पुरे, तुमच्यासाठी ठेवा की!" तर त्यालाच एक पान वाढून मिळालं.

जोसेफ तीनदा घेऊन जेवला. मेसमध्ये तो दोन घास खाऊन उठायचा, हे मी रोज बघत होते.

निघताना तो मला हळूच म्हणाला, "दोन महिन्यांत मला सगळ्यांनी विचारलं, तू कुठून आलास. जेवलास का हे कोणी विचारलं नव्हतं."

मीही त्याला पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं, कुठून आलास.

* * *

पुढचा बेत विधानसौध बघायचा होता. किरण म्हणाला, "बस मी बघतो. आमचं गाव आहे!" समोरच्या काचेवरून पाणी वाहत होतं, तरी त्याने नंबर वाचला. "हीच! चढा!"

उबेत सगळ्यांना डुलक्या लागल्या. जागी झाले तर बाहेर नुसते अपार्टमेंटचे टॉवर. सर्जापूर रोड! शहराचं पार दुसरं टोक! पुढे गाड्या, मागे गाड्या, बस जागची हलेना.

"किरण," मी म्हटलं, "चारशे वर्षांत एक बसचा नंबर पाठ झाला नाही?"

"चारशे वर्षांपूर्वी बस होती का अक्का?"

अर्ध्या तासाने सोल्वेग कंटाळून उतरली. कोपऱ्यावर कणीस भाजून घेतलं. खात खात पावसातून चालत आली, तर आमची बस तिथेच. मग बस मुंगीच्या पावलांनी सरकली, तशी ती खिडकीशेजारून चालायला लागली. खिडकीतून जोसेफला अर्धं कणीस दिलं. गप्पा मारल्या. शेवटी घड्याळ बघून म्हणाली,

"तुम्ही सावकाश या. मी पुढे जाऊन थांबते!"

* * *

फॉर्मचं काय झालं ते इथेच सांगते, नाहीतर शेवटच्या गोष्टीच्या नादात राहून जाईल. सोमवारी जोसेफ मॅडमकडे गेला खरा. पण म्हणाला, "पाऊस थांबेपर्यंत राहून बघतो." आता फेब्रुवारी चालू आहे. पाऊस कधीच थांबला. जोसेफ माझ्या मागच्या बाकावर बसतो, माझ्या नोट्स नेतो आणि परत देत नाही.

* * *

तर, सर्जापूर रोडला अडकलो होतो. किरण एकदम उडाला. "अय्यो, इथेच तर माझा मामा राहतो!"

बसमधून उतरलो, पुढे जाऊन थांबलेल्या सोल्वेगला गाठलं आणि चिंब भिजून, ठिबकत, आठव्या मजल्यावर पोचलो. दार उघडलं ते मिशांनी. रिटायर्ड माणूस, घनदाट पांढऱ्या मिशा, ढगासारखा आवाज. "या, या! अगं, टॉवेल आण!"

"हा माझा मामा," किरणने ओळख करून दिली.

जोसेफने मिशांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मामा?"

"हो, मामा."

"किरणची?"

"आता आपल्या सगळ्यांचाच!" मी म्हटलं.

तेवढ्यात मामी टॉवेल घेऊन आल्या आणि जोसेफला मायेने म्हणाल्या, "बस रे दादा, बस." जोसेफने टॉवेल तोंडावर दाबला. खांदे हलत होते. आम्हाला वाटलं, रडतोय. टॉवेल काढला तर हसून हसून डोळ्यांत पाणी! मग त्याने सांगितलं. त्याच्या स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, आणि मामा म्हणजे अर्थातच आई. बाबा मात्र बाबाच.

मामांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते चार वेळा मोठ्याने म्हणून पाठ केलं. मामी चपात्या लाटायला आत गेल्या. जोसेफ मामांचं धोतर नेसून सोफ्यावर बसला. ते त्याला जेमतेम गुडघ्यापर्यंत आलं.

आणि त्याचा फोन वाजला. आईचा व्हिडिओ कॉल. दर रविवारी यायचा, आणि दर रविवारी तो बंद होईपर्यंत जोसेफचा चेहरा पडायचा. आजही आई आधी इंग्रजीत काळजीनेच बोलल्या, "तू तिथे एकटाच आहेस ना रे?"

जोसेफ तोंड उघडणार, तोच मामांनी फोन घेतला. पडदाभर मिशा.

"मॅडम, बिलकूल काळजी नको!" मामा गरजले. "तुमच्या जोसेफला इथेही मामा आहे! मी मामा!"

पलीकडे आईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग आईंच्या खांद्यामागून एक डोकं आलं, मग दुसरं, बघता बघता सगळं घर पडद्यात जमा झालं. आईंनी मिशा नीट बघून घेतल्या आणि जपून विचारलं,

"आणि मग... बाबा कोण आहे?"

मामांनी क्षणभरही विचार न करता फोन स्वयंपाकघराकडे वळवला. ओट्यापाशी, कपाळाला पीठ लागलेल्या मामी लाटणं हलवत म्हणाल्या, "नमस्कार!"