किल्ली कुणाकडे होती

धुरपता समुद्रपूरची. तिचे वडील तानबा तिथल्या सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोजे उचलायचे. छप्पन साली त्यांचं घर बौद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी ती वर्ध्याला आमच्या कॉलेजात आली. वसतिगृहात तिला टोकाची खोली मिळाली, एकटीला. आम्ही बाकीच्या एका खोलीत तिघी-तिघी. आम्ही पंगतीत जेवायचो, तिचं ताट खोलीत जायचं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मी शेजारच्याच खोलीत होते आणि मीही कधी काही बोलले नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी इंग्रजीला आम्हाला एक जुनी, भयाण कादंबरी होती. दलदलीतलं एकाकी घर, काकानं वर्षानुवर्षं खोलीत ठेवलेली पुतणी, घड्याळं दुरुस्त करायला येणाऱ्या कारागिरावर तिचा जीव, आणि शेवटी दोघांचाही मृत्यू. प्रभाकरराव सर अगदी रंगून शिकवायचे. एकांत तिच्या स्वभावातच होता, म्हणायचे, आणि ते प्रेम नियतीनं आधीच मोडलेलं होतं. आम्ही वहीत उतरवून घ्यायचो.

धुरपतानं निबंधात वेगळंच लिहिलं. 'नियतीला हात नसतात. कुलूप काकानं लावलं, किल्ली त्याच्याच खिशात होती. कारागिराला टेबलाशी बसू दिलं नाही, तेही त्यानंच.'

सरांनी निबंध परत दिला. "पुन्हा लिही. ही शोकांतिका आहे, फिर्याद नव्हे."

ती उभी राहिली. "सर, नियती कोणत्या पानावर दार लावते तेवढं दाखवा. मग बदलते."

सर तास संपेपर्यंत पुस्तक चाळत राहिले.

त्या रविवारी तानबा बसनं भेटायला आले. तिनं सगळं सांगितलं.

"काऊन अडून राह्यली, पोरी? नापास केलं तं?"

"करू द्या. मी खोटं लिहिणार नाई."

"तुले पक्कं ठाऊक आहे?"

"पुस्तकातच लिहून आहे, बाबा."

तानबा म्हणाले, "मंग नको बदलू."

त्याच संध्याकाळी ती जेवणाच्या खोलीत आली आणि माझ्याशेजारच्या रिकाम्या पाटावर बसली. अधीक्षिका मनकर्णाबाई म्हणाल्या, "तुझं ताट खोलीत पाठवलंय."

"परत मागवा, बाई. मी इथे जेवणार आहे."

समोरच्या दोघी उठून गेल्या. माझेही पाय हलले होते, खोटं कशाला सांगू. धुरपतानं माझ्याकडे वळून विचारलं, "कांता, तू पण जातेस?"

मी नाही म्हटलं आणि वरणाचं भांडं तिच्याकडे सरकवलं. मनकर्णाबाई बराच वेळ दारात उभ्या होत्या. मग त्यांनी ताट आणवलं. उठून गेलेल्यांपैकी एक जण आठवड्यानं परत आली. दुसरी वर्षभर आपल्या खोलीत जेवली.

परीक्षेआधी सरांनी धुरपताला बोलावलं. "ते पान मला सापडलं नाही," ते म्हणाले. "पण परीक्षक तुझं मानणार नाही."

"न मानू दे, सर. वाचावं तर लागेल."

पेपरात तोच प्रश्न आला आणि तिनं तेच उत्तर लिहिलं. त्या विषयात ती जेमतेम पास झाली. मला वाईट वाटलं. ती मात्र निकालाच्या फलकापासून सरळ कचेरीत गेली आणि एम.ए.चा अर्ज मागितला. कारकुनानं विषय विचारला.

"इंग्रजी," ती म्हणाली.