मागच्या चाकांना दोन-दोन कॅलिपर

खामगावात आमचं गॅरेज होतं ट्रॅक्टरचं. मी इंजिनाचं बघायचो, माझा जोडीदार लेथवर. तो रोहिणखेडचा मुसलमान, मी पिंपळगाव राजाचा. बारा वर्षं एका डब्यात जेवलो आणि रोज भांडलो. मग ज्या साली गुलाबी अळीनं बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली, त्या साली ट्रॅक्टरवाले फिरकेनात. जोडीदारानं सौदीचा व्हिसा काढला आणि मला सांगितलं कधी, तर तिकीट आल्यावर! असा राग आला मला, दोन दिवस त्याचं तोंड पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी आला तोच. गॅरेजमागे त्याची जुनी मोटार पडून होती, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी. मोबाईलवर बघून बघून त्याला एकच वेड लागलं होतं, वळणावर गाडी आडवी घसरवायची. त्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारा हातब्रेक पाहिजे.

"आठ दिवस हायेत. जायच्या आंधी एकडाव फिरवू बे," तो म्हणाला.

झालं, माझा राग कुठल्या कुठे गेला. मला तरी दुसरं काय पाहिजे होतं?

मागच्या दोन्ही चाकांवर त्यानं दोन-दोन कॅलिपर, म्हणजे चाक आवळून धरणारे चिमटे, बसवले. एक पायाच्या ब्रेकचा, दुसरा नुसता हातातल्या दांड्याचा. सहा दिवस त्यातच गेले. माझ्याकडे काम एकच होतं, तेल भरून नळ्यांतली हवा काढायची. आणि मी शहाण्यानं ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल ओतलं! बारा वर्षं हात त्याच डब्यावर गेलेला, विचार कोण करतो? ब्रेकचं तेल वेगळं असतं, ट्रॅक्टरच्या तेलानं आतले रबर फुगतात आणि ब्रेक अडकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जिनिंगच्या आवारात नेली. कापूसच नव्हता, आवार मोकळं. त्यानं दांडा ओढला, चाकं जाम झाली, ती सुटेचनात. त्यानं ब्रेकतेलाच्या डबीचं झाकण उघडून वास घेतला.

"काय टाकलं बे याच्यात?"

मी सांगितलं.

"शेवटी ट्रॅक्टरवालाच राह्यला तू!" म्हणत तो पोट धरून हसला. मला रडू येत होतं. नवे रबर पुण्याहून यायचे होते, आणि परवा शुक्रवारी नमाज पढून तो निघायचा होता.

तो गेल्यावर चार दिवसांनी रबर आले. सगळं उघडलं, धुतलं, बरोबर तेल भरलं. एकटाच त्या आवारात गेलो, वळणावर दांडा ओढला, आणि काय सांगू, गाडीची मागची बाजू गर्रकन फिरली! "पाह्य बे!" असं मी मोठ्यानं ओरडलोसुद्धा. बाजूला कोणी नव्हतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "बसला का ब्रेक?"

"नाही बसत," मी म्हणालो. "तुह्याशिवाय नाही जमत मले."

"राहू दे मंग. मी आलो का पाहू."

गाडी तशीच झाकून ठेवली. दर ईदला मी मुबारक म्हणायला फोन करायचो, तो हेच विचारायचा आणि मी खोटं बोलायचो. वाटायचं, काम अर्धं आहे म्हटल्यावर माणूस येईल.

या ईदला त्यानं विचारलंच नाही. बायको, पोरं, तिकडचं ऊन, सगळं बोलून झालं. शेवटी मीच म्हणालो, "अरे, तो ब्रेक काही बसला नाही अजून."

"कोनता ब्रेक?" त्यानं विचारलं.