धुरीवालीचा भाचा आणि दोन शाळा

दाताच्या डॉक्टरकीची वेगळी शाळा असते, हेच मुळी सदतीस साली वेल्ह्याच्या खोऱ्यात कुणाला खरं वाटत नव्हतं. गेनबा पुण्याहून इंटर होऊन आला आणि पुढं दाताचं शिकणार म्हणाला, तेव्हा पारावर बसलेल्या म्हाताऱ्या कोंडिबानं आपले उरलेसुरले चार दात दाखवत विचारलं, "दात कोरून पोट भरतं व्हय रं?" सगळे हसले. गेनबाही हसला, पण ते त्याला लागलं.

लागायचं कारण घरातच होतं. गेनबाची आई तो तान्हा असतानाच गेली; त्याला वाढवलं ते सगुणाबाईनं, त्याच्या विधवा आत्यानं. ही आत्या दाताची धुरी द्यायची. परातीत पाणी घ्यायचं, त्यात तापलेलं खापर ठेवायचं, खापरावर तुपात घोळलेलं भुईरिंगणीचं बी टाकायचं आणि वर मडकं पालथं घालायचं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात वेळूची नळी आणि नळीचं दुसरं टोक दुखणाऱ्याच्या तोंडात. धूर संपला की मडकं उचलायचं. परातीतल्या पाण्यावर पांढरे बारीक किडे तरंगत असत. दात किडला तो ह्यांच्यामुळं आणि आता ते नळीवाटे बाहेर पडले, असं म्हणून माणूस हात जोडून घरी जायचा. भोरपासून पानशेतपर्यंतची माणसं येत. सगुणाबाई कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही. घेतलं की हाताचा गुण जातो, अशी तिची पक्की समजूत होती.

गेनबाच्या पेटीत दोन कागद होते. मुंबईच्या शाळेचा एक आणि कलकत्त्याच्या शाळेचा एक. दोन्हीकडं जागा मिळत होती, आठ दिवसांत होय-नाही कळवायचं होतं. पुण्यात ज्या दाताच्या डॉक्टरांच्या हाताखाली तो सुट्टीत बसायचा, त्यांचा कौल कलकत्त्याला होता. जुनी शाळा, मोठं नाव. गेनबाचंही मन तिकडंच धावत होतं, पण त्याचं खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. कलकत्त्यात त्याला कुणी धुरीवालीचा भाचा म्हणणार नव्हतं.

शिकलेल्या माणसाला एक खोड असते, आपल्याला कळलेलं चारचौघांत सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. बाजाराच्या दिवशी ओसरीवर पाच-सहा माणसं धुरीला बसलेली असताना गेनबा पुढं झाला. त्यानं खापरावर बी टाकलं, मडकं पालथं घातलं आणि नळी कुणाच्याच तोंडात दिली नाही. धूर नुसता हवेत गेला. मडकं उचललं तर पाण्यावर तेच पांढरे किडे.

"हे किडे नव्हेत, बियांतले कोंब आहेत. ताव लागला की बी फुटतं आणि कोंब पाण्यात पडतात," गेनबा म्हणाला.

माणसं एकेक करून उठली. सगुणाबाई परातीकडं बघत बसून राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं; तीस वर्षांत तिनं जाणूनबुजून खोटं काहीच केलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ती बोलणार तरी काय? तिनं पाणी उकिरड्यावर ओतलं आणि नळी आढ्याला खोचून ठेवली.

चार दिवसांनी कामथडीहून भागूबाई नावाची बाई आली. गाल सुजून डोळा मिटलेला, अख्खा दिवस चालत आलेली. "धुरी बंद हाय," सगुणाबाई म्हणाली.

"मग आता आमी कुठं जायाचं?" भागूबाईनं विचारलं. हे तिनं सगुणाबाईला विचारलं होतं, पण सगुणाबाईनं गेनबाकडं पाहिलं. धुरीनं किडे पडत नव्हते हे खरं, पण घटकाभर ठणका तरी बसत होता. तेवढंही त्यानं काढून घेतलं होतं आणि त्या जागी ठेवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. शेवटी त्यानं तिला चुळा भरायला मिठाचं कोमट पाणी दिलं आणि सूज हटली नाही तर पुण्याच्या दवाखान्यात जा म्हणून चिठ्ठी लिहून दिली.

ती गेल्यावर सगुणाबाई म्हणाली, "माझं बी बघ." आणि तिनं अंगणातल्या उन्हात तोंड उघडलं. खालची दाढ आतून काळी पोकळ झाली होती.

"कधीपासून?"

"धा वर्सं झाली आसत्याल."

"मग धुरी नाही घेतलीस?"

"घेतली की. दर आवसंला. किडं पडायचं आन् ठणका ऱ्हायाचा. मला वाटायचं, गुण देणाऱ्याला सोताचा गुण लागत न्हाई." "तू सांगितलंस ते बरं झालं, बाबा. पर चारचौघांत नगं हुतं."

गेनबाला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

"कलकत्त्याला जा," तिनंच विषय काढला. "मोठी शाळा हाय म्हनत्यात."

"तुला दाढ दाखवायला तिथं न्यायचं तर किती दिवस लागतील, ठाऊक आहे का?"

"मला कशाला?"

गेनबानं त्याच दुपारी मुंबईला होकार लिहिला, कलकत्त्याला नकार लिहिला आणि दोन्ही पत्रं भोरच्या टपालात स्वतः टाकून आला.

दिवाळीची सुट्टी संपताना तो आत्याला घेऊन मुंबईला निघाला. भोरपासून सर्व्हिस मोटार, पुढं आगगाडी. शाळेच्या दवाखान्यात खुर्चीवर बसताना सगुणाबाईनं पदर डोक्यावरून गच्च ओढून घेतला. शेवटच्या वर्षाच्या एका मुलानं, शेजारी मास्तर उभे असताना, सुई देऊन दाढ काढली. गेनबा भिंतीशी उभा होता.

तोंडात बोळा धरून आत्यानं त्या मुलाला खुणेनं जवळ बोलावलं. "किडा दाव," ती बोबड्या आवाजात म्हणाली.

मुलगा गोंधळला. त्यानं मास्तरांकडं पाहिलं, मग दाढ तिच्या तळहातावर ठेवली. "आजी, दातात किडा नसतो. बघा, काही नाही."

सगुणाबाईनं दाढ फिरवून फिरवून पाहिली, पदराच्या टोकाला बांधली आणि भाच्याकडं वळली.

"मला ठावं हुतं. हितं खरं बोलत्यात का, त्येवढं बघायचं हुतं. शीक हितंच."